उंचीची अट नसलेली जत्रा: दोन पोरं, एक आजी आणि कोल्हापूर

निघण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत ओवीच्या वर्गातल्या बऱ्याच मुली खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आल्या. त्यानंतर आमच्या सातारच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. ओवी सहा वर्षांची, चिकू तीन वर्षांचा. नवरा म्हणाला, जाऊ या की, एकदाच काय तो खर्च. मी कागद-पेन घेऊन बसले आणि त्याआधी दोघांना भिंतीला उभं करून मापलं. ओवी एकशेबारा सेंटिमीटर, चिकू चौऱ्याण्णव.

मोठ्या पार्कांत सगळं गणित या मापावर चालतं. मुलाचं तिकीट वयावर न ठरता उंचीवर ठरतं आणि आत गेल्यावर प्रत्येक पाळण्यापाशी पुन्हा मापपट्टी असते. त्यात चूक काही नाही. कमरेचा दांडा आणि खांद्यावरून येणारा पट्टा मोठ्या अंगासाठी बेतलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं. म्हणून थरारक पाळण्यांना चार-साडेचार फुटांची अट. लहानांसाठी वेगळे पाळणे तिथंही असतात, पण तिकीट अख्ख्या पार्कचं घ्यायचं. म्हणजे ओवीच्या आणि चिकूच्या नावाने आम्ही ज्याचे पैसे भरणार, त्यातलं निम्मं त्यांनी खालून मान वर करून बघायचं. त्यांच्यापायी आम्हा दोघांपैकी एक जण कायम खाली उभा. सासूबाई तर पाळण्यात बसणारच नाहीत, बाकावर पिशव्या सांभाळतील.

शिवाय वरचे खर्च. शनिवार-रविवारचा दर आठवड्यातल्या दिवसांपेक्षा चढा, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पाण्याच्या पार्कात नायलॉनचे कपडे लागतात, ते नसतील तर भाड्याने, सामानाला लॉकर, त्याचं भाडं वेगळं. तिकीट ही फक्त सुरुवात असते. पोरं साडेचार फुटांची झाली की जरूर जायचं असं ठरलं आणि तोवर काय, यावर घरात दोन दिवस खल झाला.

कोल्हापूर सुचवलं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी. त्यांचा हेतू अंबाबाई. माझ्या डोक्यात होता कणेरी मठ. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे नाव भारदस्त आहे, पण पोरांच्या नजरेने बघितलं तर तो एक थीम पार्कच, फक्त पाळण्यांऐवजी अख्खं गाव उभं केलेलं. तिथं कुणी उंची मोजत नाही.

ठरवताना नियम एकच केला: सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी मोकळं मैदान. पन्हाळा यादीत होता. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला किल्ला वीस किलोमीटरवर असताना सोडायचा म्हणजे नवऱ्याच्या जिवावर आलं. पण अंधारबाव, तीन दरवाजा, सज्जा कोठी हे तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आणि शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना सोबत घेऊन फिरायचं म्हणजे कुणाच्याच वाट्याला धड काही येणार नाही. पन्हाळा कटाप.

शुक्रवार

एसटीने गेलो. गाडी भाड्याने करावी असा एक विचार होता, पण तिकिटांचा हिशेब मांडला आणि तो विचार तिथंच संपला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं, पाचच्या खाली काही नाही. पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. म्हणजे नवऱ्याचं पूर्ण, माझं अर्धं, ओवीचं अर्धं. पाच माणसं दोन तिकिटांच्या पैशात कोल्हापूरला. आईंनी आधार कार्ड आदल्या रात्रीच पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात काढून ठेवलं होतं. कंडक्टरने त्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट दिलं, ते त्यांनी घडी घालून जपून ठेवलं. नवरा म्हणाला, "या गाडीत पूर्ण तिकिटाचा मी एकटाच." कंडक्टर म्हणाला, "मागं आणि चौघं आहेत तुमच्यासारखे, जाऊन बसा त्यांच्यात."

साडेसातची गाडी. हायवेवर रुंदीकरणाची कामं, त्यामुळे मध्येमध्ये सेवारस्त्यावर उतरायचं, पुन्हा चढायचं. चिकूला ते फार आवडलं. पोकलेन दिसला की ओरडायचा. उंब्रज, कराड, पेठ नाका, किणी. शिरोलीच्या पुलावरून पंचगंगा दिसली तेव्हा अकरा वाजायला आले होते. पोरांबरोबर एसटीने जाणाऱ्यांना एक सांगते: पहिल्या दोन रांगा सोडून मधल्या बाकांवर बसा, मागे तर अजिबात नको, आणि कोरड्या दशम्या सोबत ठेवा. वेफर्सने पोट भरत नाही आणि तहान मात्र वाढते.

लॉज मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर घेतला. खिडकीतून काय दिसतं हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: लिफ्ट आहे का, सकाळी गरम पाणी किती वाजता, जादा गादी मिळेल का, आणि चेक-आउट बारा वाजताचा की चोवीस तासांचा. तो चोवीस तासांचा निघाला, हे मोठं काम झालं. अकराला आत शिरलो तर रविवारी अकरापर्यंत खोली आपली, दोनच दिवसांचं भाडं. दोन पलंग जोडून पोरं मध्ये, आईंना गादी नको होती पण शेवटी त्याच गादीवर सगळ्यात शांत झोपल्या.

शुक्रवारी अंबाबाईला जायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. देवीचा वार, रांग महाद्वारापर्यंत. आई थोड्या नाराज झाल्या. पण शनिवारी पहाटे नवरा त्यांना घेऊन जाईल असं कबूल केल्यावर त्यांनी दुपारी निवांत डोळा लावला.

संध्याकाळी रंकाळा. इथे पोरांची खरी जत्रा झाली. चौपाटीवर हवेने फुगवलेली घसरगुंडी, बॅटरीच्या छोट्या गाड्या, घोडा, फुगे, बुडबुडे. सगळं फेरीच्या पैशांवर. मोठ्या पार्कात सकाळी एकरकमी भरलेले पैसे वसूल करायचे म्हणून दमलेल्या मुलाला ओढत फिरवावं लागतं. इथं मूल कंटाळलं की खर्च थांबतो. दोघांना प्रत्येकी तीन फेऱ्या असं आधीच सांगितलं होतं. ओवीने घोडा, गाडी, घसरगुंडी अशा वेगवेगळ्या निवडल्या, चिकूने तिन्ही वेळा तीच लाल गाडी. गाडीवाला शेवटी म्हणाला, "राहू दे ताई, एक फेरी माझ्याकडनं. लई भारी चालवतंय पोरगं."

काठाने चालत गेलं की नंदी आहे. कोल्हापुरात त्याची गोष्ट सांगतात: हा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्यापाशी पोचेल त्या दिवशी जगबुडी. आईंनी ती गोष्ट रंगवून सांगितली. ओवीने लगेच गव्हाचा दाणा मोठा की तांदळाचा, हे विचारलं. मग नंदीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजली आणि जाहीर केलं की आपल्याला घरी जायला वेळ आहे. पलीकडे शालिनी पॅलेसचे दिवे लागले, गार वारा सुटला, चिकू खांद्यावर झोपला.

रात्री जेवायला तांबडा-पांढरा. पोरांना कोल्हापूरचं जेवण झेपणार नाही असं सगळे सांगतात. पण पांढरा रस्सा म्हणजे नारळाचं दूध, खसखस आणि मटणाचं पाणी. त्यात भात कालवून ओवीने दोन वाट्या संपवल्या. तांबड्याकडे मात्र लहान मुलांनी लांबूनच बघावं. आईंचा शुक्रवार, त्यांना दही-भात.

शनिवार

पहाटे पाचला नवरा आणि आई देवळात. साडेसहाला परत, हातात पेढ्यांचा पुडा. आईंचा चेहरा इतका निवळलेला की मला आपल्या वेळापत्रकाचा अभिमान वाटला. पोरं तोवर झोपेतच होती.

नाश्त्याला मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात. पोरांना तो ब्रेड, दही आणि वरची शेव. कट आमच्या दोघांच्या वाटीत. मग कणेरीसाठी रिक्षा ठरवली. शहरापासून बारा किलोमीटरच्या आसपास, बंगळूरच्या दिशेने हायवेने जायचं आणि गोकुळ शिरगावच्या बाजूला आत वळायचं. रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घेतले. थांबायला तीन तास सांगितले तर तो हसला. म्हणाला, "लहान पोरं हायत, चार धरा." त्याचंच खरं ठरलं.

हे संग्रहालय कणेरीच्या सिद्धगिरी मठाने अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींच्या कल्पनेतून उभं केलं. मठ जुना, शंकराचा. सुरुवातीला गुहेसारख्या वाटेने जायचं, तिथे सुश्रुत, कणाद, वराहमिहिर अशी मंडळी आपापल्या कामात दंग. अंधार आणि दाढीवाले पुतळे बघून चिकूने माझ्या गळ्याला मिठी मारली. लहान मूल असेल तर इथं रेंगाळू नका. बाहेर उजेडात आलात की गाव लागतं, आणि पोरांचं तिथंच खरं सुरू होतं.

सिमेंटचे पुतळे, पण माणसाच्या उंचीचे. कपडे, दागिने, घामाने ताणलेल्या शिरा, म्हाताऱ्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या, सगळं इतकं हुबेहूब की ओवी पहिल्या घराच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला "काका, हे काय करताय?" असं विचारून मोकळी झाली. मोटेवर बैल, भात्याशी लोहार, चाकावर कुंभार, झाडाखाली शाळा, वाण्याचं दुकान, न्हाव्यापुढे मान देऊन बसलेलं गिऱ्हाईक. कोंबड्या आणि कुत्रीसुद्धा सुटलेली नाहीत. चिकूने एका सिमेंटच्या वासरापुढे गवताची काडी धरली आणि ते खाईना म्हणून रुसला. रेलिंगच्या आत जाऊ द्यायचं नाही एवढं एकच काम मला होतं, आणि ते पुरेसं होतं.

आमच्यासाठी गाइड आईच. जात्याशी त्या थांबल्या. बारकाईने बघितलं आणि म्हणाल्या, "खुंटा बरोबर धरलाय. पण दळताना पदर असा राहत नाही, खोचावा लागतो." मग मोट. ती भरून वर येते तेव्हा पाणी थारोळ्यात कसं पडतं, तिथून पाटाला कसं जातं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. शेजारची इचलकरंजीकडची दोन कुटुंबं पण ऐकत उभी राहिली. एका देखाव्यापाशी आम्ही बराच वेळ होतो. ओवीचा प्रश्न साधा होता: लोहाराने नांगराचा फाळ करून दिला, त्याला पैसे कुणी दिले?

तिला बलुतं सांगायला लागलं. वर्षभर काम करायचं, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव वगैरे बारा बलुतेदार. सुगी झाली की शेतकऱ्याने खळ्यावरच धान्याचा वाटा मोजून द्यायचा. पैसा फारसा हातात यायचाच नाही. "मग त्याला गूळ हवा असेल तर?" वाण्याकडे धान्य घालून घ्यायचा. "आणि पाऊस पडला नाही तर?" यावर मी आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, "मग त्यालाही नाही आणि आपल्यालाही नाही."

मला एक गोष्ट खटकली, तीही लिहिते. इथलं गाव फार गुण्यागोविंदाने नांदतं. सगळे आपापल्या ठरलेल्या कामात खूश, अंगावर कपडे धड, कुणाच्या घरात चूल विझलेली नाही. गावकुसाबाहेर कोण राहत होतं आणि विहिरीवर कुणाला येऊ देत नव्हते, हे इथं आपसूक कळत नाही. आणि हे शाहू महाराजांच्या मुलखात, ज्यांनी १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. सहा वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी विहिरीपाशी तिला तेवढं एक सांगितलं. तिला ते अजिबात पटलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

मठाच्या परिसरात आरशांच्या चक्रव्यूहासारखी आणखी काही आकर्षणं आहेत. त्यांचा हिशेब वेगळा. आम्ही त्यातलं काही घेतलं नाही, कारण गाव बघून होईपर्यंत साडेअकरा वाजले आणि चिकू चालता चालता बसायला लागला. बाहेर पडून मठाची गोशाळा दाखवली. सिमेंटच्या वासराने केलेला अपमान तिथल्या खऱ्या गाईने भरून काढला. जाणाऱ्यांनी टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात, सपाट चपला घालाव्यात, आणि बाबागाडी लॉजवरच ठेवावी, कारण अरुंद वाटांवर ती कडेवरच्या पोरापेक्षा जड होते. सकाळी उघडल्या उघडल्या गेलं तर दहापर्यंत गर्दी कमी असते. नंतर शाळांच्या सहली येतात आणि मग प्रत्येक देखाव्यापुढे पन्नास डोकी.

दुपारी सगळे तीन तास मेल्यासारखे झोपलो.

संध्याकाळी खासबाग मैदान बाहेरून दाखवलं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं, कुस्त्यांचं. "इथं पैलवान लढतात" एवढ्यावर चिकूने शड्डू ठोकला. भेळ खाल्ली, मग कोल्हापूरचं कॉकटेल आइस्क्रीम. गंगावेशीत समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात, नवऱ्याने उभ्या उभ्या एक पेला रिचवला. पोरांना मी दिलं नाही. कच्चं दूध आहे, पोटं बिघडली तर रविवार गेला. ओवी रागावली, पण फेसाची मिशी बाबाला आलेली बघून हसायला लागली.

झोपण्यापूर्वी हिशेब केला. येण्याजाण्याची भाडी, दोन दिवसांची खोली, सगळ्यांचं खाणं, तिकिटं, रिक्षा आणि रंकाळ्यावरच्या सगळ्या फेऱ्या धरून खोपोलीसाठी मांडलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास. त्यात आईंच्या पेढ्यांचे पुडे धरलेले नाहीत. ते त्यांच्या पैशातून असतात आणि त्याबद्दल विचारायचं नसतं.

रविवार

नवऱ्याचा एक मित्र करवीर तालुक्यातल्या गावचा. त्याच्या शेजारच्या शेतात गुऱ्हाळ चालू होतं. हिवाळ्यात कोल्हापूरला येऊन गुऱ्हाळ न बघता जाणं बरं नव्हे. पहाटे सुरू होतं म्हणून सातलाच पोचलो. एका बाजूला चरक्यात ऊस जातोय, रस हौदात पडतोय. दुसरीकडे चुलवाणावर भलीमोठी काहील, खाली वाळलेल्या चिपाडाचा जाळ. उसाचा रस काढून जे उरतं त्याच्यावरच रस शिजतो, ही गोष्ट ओवीला भयंकर हुशारीची वाटली. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी गोळा होऊन वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. मग रंग बदलत जातो, बुडबुड्यांचा आवाज जड होतो. गुळव्याने थोडा पाक पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघितली, मान हलवली, आणि चौघांनी मिळून काहील वाफ्यात उलटी केली. तो एक मिनिट पोरांच्या तोंडून शब्द नाही.

काहिलीपासून पोरांना दहा हात लांब ठेवायचं आणि हात सोडायचा नाही. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून राहतो. आईंनी एक हात ओवीचा, एक चिकूचा असा धरून ठेवला होता. गरम गुळाचा घास उसाच्या कांडीवर लावून मिळाला. पैसे कुणी घेतले नाहीत, म्हणून दोन किलो गूळ आणि काकवीची बाटली विकत घेतली.

अकराला खोली सोडली, सामान लॉजच्या काउंटरवर ठेवलं आणि नवा राजवाडा केला. काळ्या दगडातली, घड्याळाच्या मनोऱ्याची ही इमारत १८८४ मध्ये पूर्ण झाली. तळमजल्यावर संग्रहालय. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळेच पुढे सरकतात आणि तासाभरात होतं. पेंढा भरलेले वाघ बघून चिकूने विचारलं, "हेपण सिमेंटचे?" नाही, खरे होते, असं नवरा म्हणाला. मग खरे असून हलत का नाहीत, यावर दरबार हॉलच्या रंगीत काचांपर्यंत चर्चा चालली. बाहेर आवारात हरणं आहेत, ती हलतात. चिकूचा तिथून पाय निघेना.

दीडची सातारा गाडी मिळाली. याही कंडक्टरने आईंना शून्याचं तिकीट दिलं, त्यांनी तेही पर्समध्ये ठेवलं. काकवीची बाटली त्यांनी मांडीवर धरली होती. कराडच्या आसपास झाकणातून थोडी ओघळली, आणि उंब्रज येईपर्यंत चिकूने बाटली, आईंचा पदर आणि पुढच्या सीटचा दांडा चाटूनपुसून स्वच्छ केला.